पी ०१२१ आणि हलक्या पेडलवरचे हिसके: थ्रॉटल पोझिशन सेन्सर आधी मोजा, मग बदला

तुमचा प्रश्न मी असा समजलो. पेट्रोल गाडी, अकरा वर्षं वापरलेली, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) केबलवर चालणारा. सरळ रस्त्यावर पाय हलका ठेवून चालवताना मध्येच हिसका बसतो, क्षणभर पेट्रोल बंद होऊन परत सुरू झाल्यासारखा. पेडल जोरात दाबलं की गाडी व्यवस्थित उचलते. थांबल्यावर कधीकधी आरपीएम खाली यायला वेळ लागतो. चेक इंजिनचा दिवा लागतो, दोन दिवसांनी आपोआप जातो. स्कॅनरवर पी ०१२१ हा दोषाचा कोड आला, एकदा पी ०१२२ सुद्धा. थ्रॉटल बॉडी साफ करून झाली, फरक नाही. आता गॅरेजवाले म्हणतात सेन्सर बदलू. तुमच्याकडे साधा मल्टिमीटर आहे, आणि तुम्हाला विचारायचंय की सेन्सरच गेलाय हे खात्रीनं कसं ओळखायचं आणि तो दुरुस्त होतो का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. आतला पट्टा झिजलेला सेन्सर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. पण हे कोड आलेल्या गाड्यांमध्ये बरेचदा सेन्सर चांगला असतो आणि दोष त्याच्या तीन वायरींत किंवा कपलरमध्ये (वायरी सेन्सरला जोडणाऱ्या प्लगमध्ये) असतो. तो मात्र कायमचा दुरुस्त होतो, आणि नवा सेन्सर टाकून तो कधीच जात नाही. म्हणून तुमचा पहिला प्रश्न जास्त मोलाचा आहे.

काही गोष्टी तुमच्या मॉडेलवर अवलंबून आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही: कुठल्या रंगाची वायर कशाची, बंद थ्रॉटलला नेमके किती व्होल्ट, सेन्सर फिरवून सेट करता येतो की नाही. यासाठी तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. मी खाली देतोय ते आकडे बहुतेक केबलवाल्या गाड्यांना लागू पडतात.

आधी हा सेन्सर करतो काय ते बघू, म्हणजे हिसक्याचं कारण कळेल. बहुतेक केबलवाल्या गाड्यांत तो रेडिओच्या आवाजाच्या जुन्या गोल बटणासारखाच असतो. आत कार्बनचा एक वळणदार पट्टा, त्याच्या एका टोकाला ईसीएमकडून (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडून) आलेले ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी वायर. थ्रॉटलच्या दांड्याबरोबर फिरणारी एक बारीक पत्ती त्या पट्ट्यावर घासत सरकते आणि तिसऱ्या वायरीतून सिग्नल देते. झडप बंद असताना साधारण ०.५ ते ०.९ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.७ व्होल्ट. मधला प्रवास सलग, एकही खड्डा नसलेला हवा.

आता विचार करा, तुमचा पाय वर्षानुवर्षं कुठे असतो? पूर्ण पेडल क्वचित दाबलं जातं. जवळपास सगळं चालवणं झडप थोडीशी उघडलेली असतानाच होतं. ती पत्ती पट्ट्याच्या त्याच छोट्या भागावर इंजिनाच्या थरथरीसह लाखो वेळा घासते आणि तिथला कार्बन निघून जातो. पत्ती त्या जागी आली की सिग्नल क्षणभर खाली पडतो. ईसीएमला वाटतं पाय काढला, तो पेट्रोल कमी करतो. पुढच्याच क्षणी सिग्नल परत येतो, त्याला वाटतं पेडल झटक्यात दाबलं, तो जादा पेट्रोल देतो. तुम्हाला बसणारा हिसका तो हाच. जोरात पेडल दाबल्यावर पत्ती त्या भागाच्या पुढे निघून जाते, म्हणून तिथे गाडी ठीक चालते. तुमची लक्षणं ऐकून माझाही पहिला संशय सेन्सरवरच जातो, हे कबूल करतो. पण तुमचे कोड थोडी वेगळी गोष्टही सांगतायत.

पी ०१२१ चा अर्थ असा की थ्रॉटलचा सिग्नल इंजिनाच्या बाकीच्या माहितीशी जुळत नाही. थ्रॉटलचा सेन्सर म्हणतोय झडप इतकी उघडी, पण आरपीएम आणि आत येणारी हवा वेगळंच सांगतायत. यात दोषी सेन्सरच असेल असं नाही. इनटेकच्या पाइपला चीर पडून कुठून तरी हवा खेचली जात असेल, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलेला असेल, तरीही हा कोड येऊ शकतो. पी ०१२२ मात्र सरळ विजेचा कोड आहे: सिग्नल असायला हवा त्यापेक्षा फार खाली गेला. म्हणजे एकतर ५ व्होल्ट तुटले, सिग्नलची वायर तुटली किंवा कुठेतरी अर्थ झाली, नाहीतर पत्तीचा पट्ट्याशी संपर्क सुटला. याचा जोडीदार पी ०१२३ आला असता तर मी आधी अर्थची वायर बघितली असती, कारण अर्थ तुटला की पट्ट्यातून ५ व्होल्ट तसेच सिग्नलवर येतात.

तर कामाला सुरुवात अशी करा. कोड लगेच पुसू नका. स्कॅनरवर फ्रीझ फ्रेम (कोड येतानाच्या आकड्यांची साठवलेली नोंद) उघडा आणि कोड आला तेव्हाचा वेग, आरपीएम आणि इंजिनाचं तापमान लिहून ठेवा. इंजिन गरम झाल्यावरच कोड येत असेल तर पुढच्या चाचण्या गरम इंजिनावर करायच्या, नाहीतर थंड गाडीवर सगळं छान दिसेल आणि दिवस वाया जाईल.

मग लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे आकडे. इग्निशन ऑन, इंजिन बंद, पेडल अगदी सावकाश दाबा आणि सोडा. इथे एक गैरसमज नेहमी होतो. झडप पूर्ण बंद असताना स्कॅनरवर १२ किंवा १५ टक्के दिसले की लोक घाबरतात. स्कॅनर अनेकदा ५ व्होल्टच्या प्रमाणात निव्वळ टक्केवारी दाखवतो, त्यामुळे ०.७ व्होल्टला १४ टक्के दिसणं बरोबरच आहे. आकडा शून्य नाही म्हणून सेन्सर फिरवत बसू नका. बघायचं हे की तोच पेडल तीन वेळा सोडल्यावर आकडा तिन्ही वेळा त्याच ठिकाणी परत येतो का. तुमचा आरपीएम उतरायला वेळ लागतो, म्हणून हे खास बघा. आकडा वर अडकत असेल तर आधी केबलला ढील आहे का, झडप टप्कन बंद होते का ते तपासा. केबल अडकत असेल तर सेन्सर बिचारा खरंच सांगतोय.

आता मल्टिमीटर. इग्निशन बंद करून कपलर काढा. आतल्या तिन्ही पिना उजेडात नीट बघा. हिरवट गंज, तेलाचा ओलावा, एखादी पिन मागे सरकलेली, किंवा पिनेचे दात फाकलेले दिसतायत का? मग इग्निशन ऑन करून हार्नेसच्या (ईसीएमकडून येणाऱ्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला ५ व्होल्टच्या आणि अर्थच्या पिनेमध्ये मोजा. ४.८ ते ५.२ च्या आत यायला हवं. कमी आलं तर लगेच ईसीएमवर खापर फोडू नका. हेच ५ व्होल्ट बऱ्याच गाड्यांत इतर सेन्सरनाही वाटून दिलेले असतात, आणि त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा खाली बसतो. ते सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील, चोर तो. मल्टिमीटरची टोकं पिनेच्या तोंडात खुपसू नका. दात फाकले की तुम्ही स्वतःच नवा दोष तयार करता. शक्य तिथे कपलरच्या मागून, वायरीच्या कडेनं बारीक टाचणी सरकवून मोजा. वायरीचं आवरण टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तांबं सडतं.

अर्थ बहुतेक जण तपासतच नाहीत. कपलर परत लावा, इग्निशन ऑन, मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक मागून सेन्सरच्या अर्थच्या पिनेला. इथे ५० मिलिव्होल्टच्या आत दिसायला हवं. २००-३०० आले तर अर्थच्या वाटेत कुठेतरी गंज आहे, आणि तेवढ्यानं पट्ट्याचा खालचा सगळा हिशोब वर सरकतो.

पुरवठा आणि अर्थ ठीक निघाले की मग सिग्नल. कपलर लावलेला, मागून सिग्नलच्या वायरीला लाल टोक, सेन्सरच्या अर्थला काळं. थ्रॉटल हातानं, बंद ते पूर्ण उघडा, असा फिरवा की एका बाजूला जायला वीस-पंचवीस सेकंद लागतील. केबलवाल्या थ्रॉटलवर हे हातानं करता येतं. झिजलेला पट्टा असेल तर आकडा ०.७, ०.८, ०.९, १.० असा चढत येईल आणि मग अचानक ०.३ दाखवून परत १.२ वर जाईल. पडझड बहुतेक १ ते दीड व्होल्टच्या आसपासच सापडते, म्हणून त्या टप्प्यात आणखी हळू जा, पुढे-मागे करा, आणि दुसऱ्या हातातल्या पेचकसाच्या मुठीनं सेन्सरवर हलके टकटक करत राहा. इंजिनाची थरथर तुम्ही अशी नक्कल करता.

पण डिजिटल मीटरवर आंधळा विश्वास नको. तो सेकंदाला काही मोजक्याच वेळा आकडा बदलतो. शंभरावा हिस्सा सेकंदाची पडझड त्याच्या दोन आकड्यांच्या मध्ये निसटून जाते, ईसीएमला मात्र ती दिसते. मीटरवर किमान-कमाल धरून ठेवायची सोय असेल तर ती लावा, त्यानं शक्यता वाढते. काटेवाला जुना मीटर मिळाला तर या कामाला तो उत्तम. काटा एकसारखा वर चढत असताना एका जागी थरथरतो किंवा खाली टप्पा खातो, ते डोळ्यांना लगेच जाणवतं. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच मिटला, पडद्यावर चढणाऱ्या रेषेत उभी चीर दिसते.

ओहम मोजून सेन्सर तपासायला बरेच जण सांगतात. मी व्होल्टवर जास्त भरवसा ठेवतो, कारण त्यात सेन्सर त्याच्या खऱ्या कामाच्या स्थितीत असतो. तरी ओहम मोजायचेच असतील तर सेन्सरचा कपलर काढून मोजा आणि मीटर ऑटो रेंजवर ठेवू नका. रेंज बदलताना मीटर क्षणभर कोरा होतो आणि तुम्हाला वाटतं पट्टा तुटला. अशा चुकीनं चांगले सेन्सर फेकलेले मी पाहिलेत.

सिग्नल सगळीकडे सरळ आला, तरी हिसके आहेत, मग? तेव्हा वायर हलवून बघायची. सिग्नलवर मीटर लावलेला ठेवा, थ्रॉटल एका जागी स्थिर, आणि हार्नेस सेन्सरपासून ईसीएमपर्यंत वीतभर-वीतभर धरून वाकवा, ओढा, पिळा. कपलरही डावी-उजवीकडे हलवा. गरम इंजिनावर कोड येत असेल तर हेअर ड्रायरनं सेन्सर आणि कपलर तापवून हेच परत करा.

हे का सांगतोय, त्यामागे एक गाडी आहे. तिला तुमच्यासारखाच पी ०१२२ येत होता. माझ्याकडे येण्याआधी दोन वेळा सेन्सर बदलून झाला होता. उभ्या गाडीवर सगळे आकडे सुरेख. मालकाला खोदून विचारल्यावर ते म्हणाले, पहिल्या गिअरमध्ये चढ चढताना जास्त होतं. ते ऐकून माझं लक्ष वळलं. गिअरमध्ये जोर लागला की इंजिन माउंटिंगवर एका बाजूला झुकतं आणि त्याच्याबरोबर हार्नेस ताणला जातो. इंजिन लोखंडी पहारीनं थोडंसं त्या दिशेला दाबलं आणि आकडा ०.७ वरून थेट शून्यावर गेला. हार्नेसवरची काळी नळी उसवली. सिग्नलची वायर एका ब्रॅकेटच्या धारदार कडेवर टेकत होती. तिचं आवरण एका बाजूनं चकचकीत, घासून कागदासारखं झालेलं, आणि मध्ये नखाएवढ्या जागेत तांब्याचे दोन धागे उघडे. इंजिन झुकलं की ते धागे ब्रॅकेटला चिकटत आणि सिग्नल अर्थ होई. तो तुकडा कापला, तेवढ्याच जाडीची नवी वायर सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवली, ब्रॅकेटची कड कानसून बोथट केली आणि हार्नेस तिथून दोन बोटं लांब बांधला. आधी काढलेला सेन्सर मालकाच्या डिकीतच होता. तो मी मोजून पाहिला, अगदी चांगला होता. त्या माणसानं दोनदा खर्च केला तो फक्त कुणी मोजलं नाही म्हणून, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

आता समजा तुमच्या मोजणीत सेन्सरच दोषी ठरला. तो उघडून पट्टा साफ करण्याच्या, आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारण्याच्या युक्त्या तुम्हाला सापडतील. मी दोन्ही करून पाहिल्यात. काही दिवस बरं वाटतं, कारण सुटलेली कार्बनची भुकटी निघून जाते, पण झिजलेला कार्बन परत येत नाही आणि दोष परततो. तो परततो तेव्हा तुम्ही कदाचित एखाद्या गाडीला ओव्हरटेक करत असाल, म्हणून ही युक्ती मी सुचवणार नाही. थ्रॉटल बॉडी साफ करतानाही क्लीनर सेन्सरच्या बाजूला दांड्याच्या फटीत थेट मारू नका. कापडावर घेऊन पुसा.

बदलताना: इग्निशन बंद. जुन्या सेन्सरचे बंद थ्रॉटलचे व्होल्ट आधीच लिहिलेले असू द्या. स्क्रूची भोकं लांबट असतील तर जुन्या सेन्सरच्या कडेनं थ्रॉटल बॉडीवर बारीक रेघ ओढा. हे दोन स्क्रू बरेचदा लॉकिंग डिंकानं बसवलेले असतात आणि त्यांची डोकी झिजली की फजिती होते. तापलेला सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर मिनिट-दीड मिनिट धरा, डिंक सैल पडतो, मग बरोबर मापाचा बिट घट्ट दाबून फिरवा.

नवा बसवताना दांड्याची चपटी पत्ती सेन्सरच्या खाचेत योग्य बाजूनं जायला हवी. बहुतेक सेन्सर थोडे तिरके बसतात आणि स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध थोडं फिरवल्यावर भोकं जुळतात. काहीच ताण न लागता भोकं जुळली तर शंका घ्या, खाच बहुधा चुकीच्या बाजूनं बसली आहे. स्क्रू हलक्या हातानं आवळा, प्लास्टिकचे कान पटकन तडकतात. आणि इंजिन सुरू करण्याआधी थ्रॉटल पूर्ण उघडून सोडा, दोन-चार वेळा. तो प्रत्येक वेळी टप्कन बंद झालाच पाहिजे. हे न बघता गाडी रस्त्यावर काढू नका.

लांबट भोकांचा सेन्सर असेल तर मीटर लावून मॅन्युअलमधल्या व्होल्टवर सेट करा. भोकं गोल असतील तर सेट करण्यासारखं काही नाही, ईसीएम बंद थ्रॉटलचा आकडा स्वतः शिकतो. कुणी आरपीएम जुळवायला झडपेचा स्टॉप स्क्रू फिरवायला सांगितलं तर ऐकू नका. तो कारखान्यात एकदा लावलेला असतो आणि तो हलला की सगळे आकडे सरकतात. शेवटी कोड पुसा आणि मॅन्युअलमध्ये ईसीएमला आयडल (पेडल न दाबता इंजिनाचा आरपीएम) शिकवण्याची पद्धत दिली असेल तर ती पूर्ण करा. प्रत्येक मॉडेलची ती वेगळी असते.

एक गोष्ट नक्की करून घ्या, तुमच्या थ्रॉटलला खरोखर केबल आहे ना. केबल नसून मोटर असेल तर वरची हातानं थ्रॉटल फिरवायची चाचणी करू नका. इग्निशन ऑन असताना मोटर झडप बंद करू शकते आणि बोट आत असेल तर गंभीर इजा होते. तिथे सेन्सरमध्ये दोन सिग्नल असतात. बऱ्याच गाड्यांत एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज ५ व्होल्टच्या जवळ राहते. दोघं जुळले नाहीत की पी २१३५ येतो. तिथे सेन्सर बहुतेक वेळा सुटा मिळत नाही, पूर्ण थ्रॉटल बॉडी बदलावी लागते, आणि नंतर स्कॅनरनं शिकवावीही लागते. म्हणून तिथे वायरिंग आणि अर्थ आधी तपासणं आणखीच गरजेचं.

तुम्ही बंद थ्रॉटलचे व्होल्ट, पूर्ण उघड्याचे व्होल्ट, ५ व्होल्टच्या वायरीवरचा आकडा आणि अर्थवरचे मिलिव्होल्ट, असे चार आकडे मला कळवा. सिग्नल कुठे खाली पडला असेल तर तो किती व्होल्टवर पडला तेही लिहा, आणि फ्रीझ फ्रेममधलं तापमान. तेवढ्यावरून पुढे काय करायचं ते मी नेमकं सांगू शकेन. तोपर्यंत सेन्सर मागवू नका, आणि हिसके येत असताना वेगात ओव्हरटेक टाळा.